पांढरी बाग आणि चोरायचा गुलाब

कोर्पिवारा,
मे संपत आला (बाहेर बघून खरं वाटणार नाही)

प्रिय हिल्काताई,

धाकट्या ओइवाचा नमस्कार. तो वाकूनच करायला हवा, पण हल्ली एकदा वाकलो की गुडघे परत सरळ व्हायला आढेवेढे घेतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या बसल्याच करतो आहे. तू तो वाकून केला असं समज. तुझी कंबर कशी आहे? गोथेनबर्गचा पाऊस तिला सोसत नसणार. (तुमच्याकडेही बर्फ पडतो असं तू दरवर्षी ठासून सांगतेस. पण जो बर्फ दुपारच्या कॉफीपर्यंत टिकत नाही त्याला आमच्याकडे दव म्हणतात.) तुझ्या खालच्या मजल्यावरची, जिन्यात पाय वाजले की दार उघडून बघणारी ती बाई अजून आहे का? असली तर तिलाही माझा नमस्कार सांग, तेवढंच तिला चार दिवस पुरेल. माझं म्हणशील तर मी ठीक आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलंय, ते मी खारवलेला मासा सोडून बाकी सगळ्यातलं केलंय. मांजरही ठीक आहे. घरात माणसं एवढीच, त्यामुळे ख्यालीखुशाली इथंच संपते.

पत्र लिहायला बसलो ते बागेबद्दल. तुला आठवत असेल, गेल्याच्या आदल्या नाताळात मी तुला फोन केला होता आणि नेहमीप्रमाणे, उन्हाळ्यात ये की घरी, असं म्हटलं होतं. एरवी तू कंबर सांगतेस, बोटीतली गर्दी सांगतेस, शेजारणीचं कुत्रं सांभाळायचंय म्हणून सांगतेस. त्या दिवशी यातलं काहीच न सांगता एकदम म्हणालीस, “कुणाकडं येऊ, ओइवा? आई गेली, घर विकलं, तिचा गुलाबसुद्धा उपटला त्या लोकांनी. तिथं आता बर्फाशिवाय आहे काय?” आता, इथं काय आहे असं कुणी विचारलं तर इथल्या माणसानं ‘मी आहे की’ असं म्हणायला हवं. पण असं तोंडावर म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. मी म्हणालो, यंदा बर्फ बराच आहे. मग आपण फोन ठेवला. ठेवल्यावर मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाहेर कुंपणापासून तळ्यापर्यंत सगळं पांढरं. तेव्हा मनात आलं, ठीक आहे. ताईला यायला कारण लागतं ना, मग कारण जमिनीतून काढू. बर्फाचं पांढरं तिला नको असेल तर उन्हाळ्याचं पांढरं करून दाखवू. अंगणात एक पांढरी बाग करू. (ही कल्पना माझ्या डोक्यातून निघाली असं समजू नकोस. माझ्या डोक्यातून आजवर काही निघालेलं नाही. ती कुणाची ते पुढं सांगतो.)

ठरवलं खरं, पण कोर्पिवारात ठरवलेली गोष्ट पोटात राहत नाही. दुकानात बियांची पाकिटं चाळताना मी नुसतं पांढऱ्या खसखशीचं आहे का म्हणून विचारलं, आणि कॉफीच्या कोपऱ्यात बसलेल्या रिकामटेकड्यांचे कान टवकारले. त्यांत तौनो होता. (तौनो म्हणजे तोच, शाळेत असताना ज्याला तू तळ्यात ढकललं होतंस. जंगलतोडीतून निवृत्त झाल्यापासून त्याला तोंड चालवण्याशिवाय दुसरं काम नाही.) तो म्हणाला, “उभी हयात बर्फाची गाडी हाकून आमच्या दारातलं पांढरं ढकलत राहिलास, आणि आता स्वतःच्या दारात मुद्दाम लावतोस होय रे?” सगळा कोपरा हसला. आपल्याकडे वर्षातले सात महिने जमीन दिसत नाही, त्यात राहिलेल्या महिन्यांतही पांढरंच बघायचं म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं दुकानदारानंही सुनावलं. मी पाकिटं चाळत राहिलो. गाडी हाकताना मी एक गोष्ट शिकलो होतो, समोरून कोणी हातवारे करत असला तर खाली बघावं आणि पातं खाली सोडावं.

गेल्या उन्हाळ्यात मी अंगणाची दक्षिण बाजू खणली. त्यातून जेवढे दगड निघाले तेवढ्यात एक छोटंसं चर्च झालं असतं. मग लावायला सुरुवात केली. पांढरी खसखस म्हणून आणलेलं पाकीट उगवलं आणि अख्खा वाफा लालभडक झाला, तौनो कुंपणाशी येऊन टोपी काढून उभा राहिला. पांढऱ्या लिली आल्या, कळ्याही धरल्या, आणि त्या उमलायच्या आदल्या संध्याकाळी एक घोड्याएवढी मोठी मूस-हरणी पिल्लाला घेऊन आली आणि शांतपणे त्या संपवून गेली. (मी हाकलायला गेलो तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिलो.) शरद लागल्यावर पांढऱ्या ट्युलिपचे कांदे पुरले, ते बर्फाखाली उंदरांनी फस्त केले. डेझी तेवढी लागली, पण डेझी काय, ती रस्त्याकडेलाही लागते, तिला बाग म्हणता येत नाही. आणि खरं सांगू का, मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. ही सगळी वऱ्हाडी मंडळी. नवरदेव म्हणजे आईचा पांढरा गुलाब, आणि तो एकाच ठिकाणी शिल्लक होता, तुझ्या गोथेनबर्गच्या बागेच्या तुकड्यात, तू घर सोडून कारखान्यात गेलीस तेव्हा ओल्या शेवाळात गुंडाळून, कॉफीच्या डब्यातून घेऊन गेलेल्या त्या फुटव्याच्या पोटी.

म्हणून मी तुला फोन करून फुटवा मागितला, आणि तू एका शब्दानंही का, कशाला, न विचारता पाठवलास. साइमीचा भाचा ट्रक घेऊन स्वीडनला ये-जा करतो, त्याच्या हाती. (साइमी म्हणजे शेजारची साइमी. नवरा गेल्यापासून ती आपली बाग सांभाळते आणि गावाची अक्कल.) आणि पाठवलास तोही कॉफीच्या डब्यात, शेवाळात गुंडाळून. तो डबा मी टेबलावर ठेवला आणि उघडायच्या आधी हात धुऊन आलो. शेवाळाचा वास आला. तसाच वास आपल्या विहिरीजवळ यायचा. मी तसाच फोनकडे गेलो, तुझा नंबर फिरवला, आणि तू ‘हॅलो’ म्हणताक्षणी, ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, आभारी आहे.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मला आईनं हे पाळण्यातच शिकवलं होतं, तुलाही, सगळ्या गावालाच. मिळालेल्या रोपाचे आभार मानायचे नाहीत. मानले की ते रुजत नाही. घ्यायचं, मान दुसरीकडे वळवायची, हवापाण्याचं काहीतरी बोलायचं आणि चालू लागायचं. आई शेजारणीकडून जास्वंदीच्या कुंडीएवढं पिओनीचं रोप घेऊन निघायची, आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. परका माणूस बघता तर म्हणता, केवढी ही उद्धट बाई. जगात आपल्याइतके कमी आभार मानणारे लोक नसतील, त्यातही मी. बर्फाची गाडी सोडली त्या दिवशी पंचायतीनं मला घड्याळ दिलं तेव्हाही मी फक्त ‘चालतं का’ एवढंच विचारलं होतं. आणि नेमका इथं शब्द घसरला. मला वाटतं हा तुमच्याकडचा आजार फोनच्या तारेतून आला असणार. तुमचे स्वीडनचे लोक पाव दिला की आभार मानतात, लोणी दिलं की मानतात, मागच्या वेळी भेटलो होतो त्याचे या वेळी मानतात.

तू म्हणालीस, “मारलास, ओइवा. आईचा गुलाब मारलास.” आणि फोन ठेवलास. मी लगेच परत लावला. म्हणालो, मघाशी जे बोललो ते मागं घेतो, मी तुझा अजिबात आभारी नाही. तू म्हणालीस, मला कुत्र्याला बाहेर न्यायचंय. तुझ्याकडे कुत्रं नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं. (शेजारणीचं असेल.)

साइमीला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. तरी लाव म्हणाली, आणि एक उपाय सुचवला, रोपाला आता चार शब्द वाईट बोलून बघ, कदाचित विसरेल. ज्या माणसानं भर हिमवादळात रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या मोटारवाल्यालाही कधी शिवी दिली नाही, तो मी, रोज सकाळी बागेत जाऊन त्या काडीसमोर उभा राहायचो आणि म्हणायचो, तू कसला गुलाब, तू काटेरी कचरा, तुला कोणी बोलावलं होतं, जा मर मेल्या. तौनो एकदा मासे द्यायला आला होता, त्यानं ते ऐकलं. मासे पायरीवर ठेवून तो हळूच मागं फिरला. त्यानं दुकानात काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण त्यानंतर आठवडाभर माझ्याशी सगळे फार हळू आवाजात बोलत होते.

मग बर्फ पडला आणि बोलणंच खुंटलं. गेल्या नाताळात आपला फोन झाला तेव्हा तू गुलाबाचं विचारलं नाहीस, मीही काढलं नाही. तुमच्याकडे पाऊस किती, आमच्याकडे बर्फ किती, एवढ्यावर भागवलं. उन्हाळ्यात ये असं म्हणायला माझं तोंडच उरलं नव्हतं. कशासाठी ये म्हणू? एक वाळकी काडी बघायला? फोन ठेवल्यावर मात्र मला एकदम रिकामं वाटलं, ते तुला सांगितलं नाही, आता लिहितो. आपण दोघंच उरलोय, ताई. आईच्या हातच्या राय-धान्याच्या भाकरीची चव, विहिरीच्या रहाटाचा आवाज, बाबांचा खोकला, हे मी ज्याच्याशी बोलू शकतो असं माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि त्याच्याशी मी पावसापाण्याचं बोलत बसलो होतो. असो. मांजराला भूक लागलीय, त्याला वाढून येतो.

(आलो.) आता परवाची गोष्ट. गावच्या बायकांचं एक बागमंडळ आहे, साइमी त्याची अध्यक्ष. दर वसंतात त्या घरोघर फिरून कुणाचं काय उगवलंय ते बघतात आणि कॉफी पितात. माझ्या अंगणात त्या आजवर कधी आल्या नव्हत्या, कारण बघायला बर्फाची फावडी सोडून काही नव्हतं. यंदा साइमीनं माझं नाव घातलं. मी आठवडाभर तयारीला लागलो. वेलदोडा घालून गोड पाव भाजले. (पाहुण्यांपुढे सात तऱ्हेचं भाजलेलं मांडायचं असतं हे मला माहीत आहे. माझ्याकडे एकाच पिठाचे सात आकार होते.) डेझी हिरवी धरली होती, लायलॅकच्या झुडपाला कोंब होते, उंदरांच्या नजरेतून निसटलेल्या दोन-तीन ट्युलिपनी नाक वर काढलं होतं. गुलाबाची काडी मात्र काडीच होती. आणि नेमक्या त्या दिवशी सकाळी उठून बघतो तर हिवाळा परत आलेला. निघतो निघतो म्हणत दारापर्यंत गेलेला पाहुणा कसा पुन्हा जोडे काढून बसतो, तसा. गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फ, आणि वरून पडतोच आहे.

पुढं जे झालं त्यात माझ्या डोक्याचा दोष नाही, हातांचा आहे. उभा जन्म बर्फ बघितला की हे हात कामाला लागतात, मला विचारत नाहीत. कॉफीचं पाणी ठेवून मी दार उघडलं, फावडं घेतलं आणि ढकलायला लागलो. छान लय लागली होती. सरळ, स्वच्छ, कडेला ढीग, अगदी गाडीनं केल्यासारखं. ढिगात काहीतरी हिरवं दिसलं तेव्हा भानावर आलो. तो डेझीचा वाफा होता. त्याच्या मागं ट्युलिपचा. माझी पांढरी बाग मीच साफ करत आणली होती, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. आणि पुढच्या फावड्याला समोर काय होतं? गुलाबाजवळ रोवलेली खुणेची काठी. फावडं एक हातभर आणखी पुढं गेलं असतं तर संपलं होतं. मी ते तिथंच टाकलं आणि पायरीवर जाऊन बसलो. मेलेल्या काडीसाठी माणसानं इतकं घाबरू नये, पण घाबरलो.

तेवढ्यात मंडळ आलं. बूट, कोट, डोक्याला रुमाल, सहा-सात बायका कुंपणाच्या आत उभ्या, आणि समोर पांढरंशुभ्र. कुणीतरी म्हणालं, पांढरी बाग म्हणजे अगदी पांढरी केलीत हो. बाकीच्यांनी हसू दाबलं. साइमी माझ्याकडे बघत होती, काहीतरी कर अशा नजरेनं. बाजूला भिंतीला स्कीची जुनी काठी टेकवलेली होती, ती मी उचलली, आणि मला कळायच्या आत बोलायला लागलो. इथं लायलॅक आहे. इथं पिओनी, ती साइमीकडून आणली आणि तोंडातून शब्द काढला नाही. इथं डेझी होती, ती मघाशी मी ढकलली. आणि तिथं, त्या खुणेपाशी, आमच्या आईचा गुलाब. पहिल्यांदा मला वाटलं या मनात हसत असतील. पण मग दिसलं की काठी जिकडे वळते तिकडे सगळ्या जणी बघतायत. बर्फाकडे बघतायत, आणि खरंच बघतायत. काठी थांबल्यावर त्यांतली सर्वांत म्हातारी म्हणाली, छान आहे. (कोर्पिवारात छान हा शब्द वर्षातून एकदा निघतो, आणि तोही बहुतेक प्रेतयात्रेनंतरच्या कॉफीला.)

तेव्हा मला आठवलं, ताई, की अशी काठी धरून असंच बोलणारं एक माणूस मी आधी बघितलंय. तुलाही आठवेल. मार्चमध्ये, उजेड परत यायला लागला की आई पायरीवर यायची, बाबांची मोडकी स्कीची काठी घेऊन, आणि बर्फावर रोखून आपल्याला सांगायची, इथं बेदाण्याचं झुडूप झोपलंय, इथं पिओनी, आणि त्या कोपऱ्यात गुलाब. आपण दोघं तिच्या शालीच्या आत दोन बाजूंनी घुसलेलो असायचो. तू विचारलं होतंस, आत्ता खाली फुलांचा रंग कुठला असतो? आणि आई म्हणाली होती, “वर येईपर्यंत सगळी पांढरीच असतात गं.” मग तू कित्येक वर्षं तिला आईची पांढरी बाग म्हणायचीस. बघ, कल्पना कुणाची ते सांगतो म्हटलं होतं. तुझीच. आणि तूच मला फोनवर विचारतेस, तिथं बर्फाशिवाय आहे काय.

बायका गेल्या. गोड पाव सगळे संपले, म्हणजे एकतर ते बरे झाले होते किंवा त्यांनी माझी दया केली. साइमी भांडी विसळायला थांबली आणि जाताना म्हणाली, बहिणीला लिही. मी म्हटलं, काय लिहू, काडी मेली म्हणून? ती म्हणाली, ते लिही, आणि बाकीचंही लिही. म्हणून हे लिहिलं. बाकीचं काय ते मला नीट कळलेलं नाही, पण मला तुझी आठवण येते, फार येते, आणि भर उन्हाळ्यात युहान्नुसच्या सणाला तळ्याकाठी शेकोटी पेटते तेव्हा सगळ्यांच्या घरची माणसं आलेली असतात, तेव्हा सर्वांत जास्त येते, हे त्यात धरायचं असेल तर धर.

तब्येतीला जप. मीठ कमी खा. पत्राचं उत्तर पाठवायचं तर लवकर पाठव, नाहीतर मी दिवसातून दोनदा टपालपेटीपर्यंत जाईन आणि तौनो त्यावरही काहीतरी बोलेल.

तुझा धाकटा,
ओइवा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. साइमी म्हणते, आभार मानून बिघडलेल्या रोपावर एकच इलाज, नवा फुटवा आणायचा, पण मागून नव्हे, चोरून. चोरलेलं रोप हमखास जीव धरतं, कारण चोर कधी कुणाचे आभार मानत नाही. मी गोथेनबर्गला येऊन चोरलाही असता, पण बोटीत मला मळमळतं, आणि पकडलो गेलो तर तुमच्या भाषेत सांगायचं काय? तेव्हा चोरीचा माल तूच घेऊन ये. डबा व्हरांड्यात ठेव, ठेवला असं मला सांगू नकोस, आणि सरळ वाफ घ्यायला सौनात जा. सौना मी सकाळपासून तापवून ठेवीन. आत बराच वेळ बस, दगडांवर पाणी ओतताना आवाज कर म्हणजे मला कळेल तू गुंतलीयस. तेवढ्यात मी चोरी उरकतो. खिडकीतून बघायचं नाही. हवं तर नंतर चोर चोर म्हणून ओरड, तौनो धावत येईल, त्याच्याही आयुष्यात बऱ्याच दिवसांत काही घडलेलं नाही.

ता. क. दुसरा, काही दिवसांनी. पत्र अजून टेबलावरच आहे, कारण बर्फ वितळून रस्त्यात इतका चिखल झाला की टपालाची गाडी फाट्यावरूनच परत फिरते. बर्फ गेला. आज सकाळी मी ती काडी उपटायला गेलो होतो. उपटली नाही. तिला खालच्या अंगाला पानं फुटलीयत, करंगळीच्या नखाएवढी, आईच्या गुलाबाची असायची तशी करवतकाठी. साइमीला बोलावून दाखवली. ती म्हणते, एकतर आभार समुद्रापलीकडे मानल्यामुळे त्यांचा जोर गेला असेल, नाहीतर मी पुटपुटतो तसं पुटपुटलो असेन आणि रोपाला ऐकूच गेलं नसेल. मला वाटतं शिव्यांनी काम केलं. साइमीचा सल्ला असा की ही गोष्ट लपव आणि वरचा ता. क. तसाच जाऊ दे, म्हणजे ती येईल. पण तुझ्याशी खोटं बोलायचं तर लहानपणापासून मला जमलेलं नाही, तू माझ्या कानांकडे बघून ओळखायचीस. तेव्हा फुटवा आणू नकोस. चोरीही रद्द. गुलाब लागलाय. आता मला तुला बोलवायला काही कारण उरलेलं नाही, नुसती ये. (फूल बघायला म्हणून येशील तर सांगून ठेवतो, यंदा ते येणार नाही, पुढच्या वर्षीही बहुधा नाही. आणि आलं तरी याला युहान्नुसचा गुलाब म्हणत असले तरी आपल्याकडे हा गुलाब सण उलटून गेल्यावरच फुलतो. म्हणजे दरवर्षी येऊन बघावं लागेल, आणि सणानंतरही राहावं लागेल. वरची खोली मी झाडून घेतलीय.)

ता. क. तिसरा. आलीस तर मी तुझे आभार मानणार नाही. पिशवी घेईन, मान दुसरीकडे वळवीन आणि हवापाण्याचं काहीतरी बोलेन. मनाला लावून घेऊ नकोस. मला तू रुजायला हवी आहेस.